टायपिस्टने पुसलेला संगणक

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. हे प्रकरण त्या मानाने लहान होते. तरी त्याचा एकेक तास मला वेगळा आठवतो. त्यात चूक संशयिताची नव्हती, माझी होती.

मी तंजावरच्या मराठी कुटुंबातला. घरी बोलतो ती मराठी पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेली आहे. लिहितो ती पुस्तकांवरून कमावलेली. चेन्नईच्या एका ठाण्यात मी इन्स्पेक्टर होतो. निवृत्तीला चार वर्षे उरली होती.

वेस्ट मांबलममध्ये राहणारी ऐंशीच्या घरातली एक विधवा एके सकाळी काठी टेकत ठाण्यात आली. मूलबाळ नव्हते. राहता फ्लॅट तिच्या नावावर होता. आपल्यामागे तो नवऱ्याच्या पुतण्याला मिळावा, असे मृत्युपत्र तिने करायला सांगितले होते. रजिस्ट्रारच्या कार्यालयात तिने सह्या केल्या त्या मात्र दानपत्रावर. दानपत्र म्हणजे घर त्याच दिवशी हातातून गेले. दृष्टी अधू, तिने वाचले नव्हते. पंधरा दिवसांनी पुतण्याने तिला सामान बांधायला सांगितले, तेव्हा तिला समजले.

"मी मेल्यावर घर त्याचं, असं लिहायला सांगितलं होतं," ती म्हणाली. "मी मेले का हो, इन्स्पेक्टर सार? मग हा आत्ताच कसा बाहेर काढतो?"

दस्ताच्या तीन पानांपैकी शेवटच्या पानावर मालमत्तेचे वर्णन होते आणि खाली मसुदा करणाऱ्या टायपिस्टचा शिक्का. त्याचे दुकान मांबलम रेल्वे स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीत. पुतण्याला बोलावले. तो नीटनेटका, बोलण्यात गोड. "काकूनं सांगितलं तेच टायपिस्टनं लिहिलं. आता तिला आठवत नाही, त्याला मी काय करू? त्यालाच विचारा," एवढे सांगून तो गेला.

त्याच दुपारी ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितले नाही. मांबलमच्या टायपिस्टने आपला कॉम्प्युटर साफ पुसून टाकला आहे, एवढेच सांगून त्याने फोन ठेवला. ठाण्यातली लिखापढी करणाऱ्या स्टेशन रायटरने नोंद घेतली. तासाभरात आम्ही दुकानात होतो.

खबर खरी निघाली. संगणक चालू केला तर पडद्यावर कंपनीचे निळे चित्र आणि बाकी काही नाही. एक मसुदा नाही, एक अर्ज नाही. दोन पंच बोलावून महझर केला; महाराष्ट्रात याला पंचनामा म्हणतात. संगणक, पडदा, कळफलक, प्रिंटर असे एकेक लिहून घेतले. सातव्या क्रमांकावर 'इंग्रजी पुस्तिका, एक' अशी नोंद आहे. ती हेड कॉन्स्टेबलने संगणकाच्या मागून काढली होती. मी शिक्का मारून सही केली.

टायपिस्ट पन्नाशी ओलांडलेला, कृश, कपाळावर गंधाची बारीक रेघ. जीपमध्ये बसताना त्याने माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली आणि तंजावरी मराठीत म्हणाला, "अण्णा, तुम्ही अम्ही एकच माणसं. अम्ही कसलंच पाप केलों नाही. ऐकून घ्या."

शेजारी बसलेला हेड कॉन्स्टेबल माझ्याकडे पाहून हसला. "उंग आळा, सार?" त्याने तमिळमध्ये विचारले. तुमचा माणूस आहे का, एवढाच त्याचा अर्थ. त्यात वाईट काही नव्हते. पण तो प्रश्न मला बोचला. मी टायपिस्टला तमिळमध्ये सांगितले, की ठाण्यात तमिळच बोलायचे आणि विचारीन तेवढेच बोलायचे.

चौकशी दोन दिवस चालली. सकाळी नऊला बोलवायचे, बाकावर बसवायचे, संध्याकाळी घरी सोडायचे. आवाज चढवावा लागला नाही. तो प्रत्येक प्रश्नाचे एकच उत्तर देत होता.

"तू मृत्युपत्र टाइप केलंस की दानपत्र?"

"मृत्युपत्र, सार. शेवटचं पान माझं आहे. पहिली दोन माझी नव्हेत. बदललीत कुणीतरी."

"मग तुझा मसुदा दाखव."

"कॉम्प्युटरला व्हायरस लागला होता. काहीही उघडलं की भलतंच सुरू व्हायचं. गिऱ्हाइकं ओरडायला लागली. म्हणून सगळं पुसून सिस्टीम नवी घातली."

"सिस्टीम कुठून आणलीस? सीडी कुठं आहे?"

"सीडी नाही, सार."

"कुणाकडून मागून आणलीस?"

"लागतच नाही. ती आतच असते."

हेड कॉन्स्टेबल टेबलावर हात आपटून हसला. "आत असते! तू आतलं सगळं पुसलंस ना? मग ती कशी राहिली? तुला पाहून घाबरून लपली?"

टायपिस्टने त्याच्याकडे वळून शांतपणे सांगितले, "तुमच्या घरी दही संपवताना विरजणापुरतं चमचाभर बाजूला ठेवतात ना? तसं कंपनीनं डिस्कच्या एका कोपऱ्यात ठेवलेलं असतं. त्याला हात लागत नाही. त्यातूनच पुन्हा सगळं लावायचं."

"बघा सार, कॉम्प्युटरचं मडकं केलं यानं!"

मीही त्यावर विश्वास ठेवला नाही. माझ्या माहितीत सिस्टीम सीडीवरून घालतात. ठाण्यातले संगणक दुरुस्त करणारा माणूस सीडींचे पाकीट घेऊनच येत असे. महझरमध्ये सीडी नव्हती. म्हणून माझ्या दृष्टीने टायपिस्टची सगळी हकिकत खोटी ठरली. त्याने मूळ डिस्क काढून फेकली आणि नवी बसवली, असे मी मनात नक्की केले. जी वस्तू जप्त करता येत नाही ती अस्तित्वात नाही, असे पोलिसाला फार लवकर वाटू लागते.

मध्येच तो पुतण्याविषयी काही सांगू लागला. मी थांबवले. "विचारलं तेवढंच." रायटरने जबाबात लिहिले : 'विषयांतर करतो.'

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जाताना तो दारात थांबला. "सार, उद्या मला आत टाकणार का?"

"पुरावा नष्ट केल्याचा आरोप आहे."

"शिक्षा झाली तर दस्त लिहिण्याचा परवाना जाईल. मला दुसरं काही येत नाही," तो म्हणाला आणि गेला. त्याने विनवणी केली नाही. मला ते निर्ढावलेपण वाटले.

तिसऱ्या दिवशी सकाळी अटकेचे कागद तयार करून रायटरने समोर ठेवले. सही करण्यापूर्वी महझरची यादी मुद्देमालाशी ताडून पाहण्याची माझी रीत होती. ती पाळण्यात शिस्तीपेक्षा सवय अधिक होती. क्रमांक एक, दोन, तीन. क्रमांक सात हातात आला तेव्हा ती पुस्तिका मी प्रथमच उघडली. संगणकासोबत कंपनीने दिलेले ते माहितीपत्रक होते. एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. यंत्र बिघडल्यास ते सीडीशिवाय मूळ स्थितीत कसे आणावे, हे तिथे पायरीपायरीने दिले होते. सिस्टीमची प्रत यंत्राच्याच एका राखीव भागात असते, असे स्वच्छ छापलेले होते. कडेला पेन्सिलीने टायपिस्टने एकेका पायरीपुढे खूण केली होती.

दोन दिवस ती पुस्तिका माझ्या कपाटात, माझ्याच सहीखाली पडून होती.

मी कागद बाजूला सारले आणि त्याला आत बोलावले. "करून दाखव."

मुद्देमालाच्या संगणकाला हात लावणे शक्य नव्हते. आमच्या ठाण्यात त्याच कंपनीचे एक यंत्र कापड घालून महिनोन्‌महिने पडले होते. त्यालाही असाच काही रोग होता. त्यातल्या ड्यूटीच्या याद्या तेवढ्या आधी काढून घ्याव्यात, म्हणून हेड कॉन्स्टेबलने आपला पेन ड्राइव्ह लावला, फोल्डर त्यात उतरवला, आणि ओरडला.

"गेलं, सार! याद्या गेल्या! नुसती बाणाची चित्रं राहिलीत. माझी पोंगलची रजा आहे त्यात!"

टायपिस्ट तीन दिवसांत प्रथमच हसला. "गेलं नाही, एट्टय्या." आमच्याकडे हेड कॉन्स्टेबलला असेच म्हणतात. "माझ्याकडं हेच झालं होतं. हा रोग फाइल खात नाही. खरी लपवतो आणि तिच्या नावाची खोटी समोर ठेवतो. लोक खोटी पुसतात आणि समजतात, खरी गेली."

त्याने यंत्राच्या सेटिंगमध्ये दोन-तीन ठिकाणी खुणा बदलल्या. याद्या फिकट अक्षरांत पडद्यावर आल्या, रजेसकट.

नंतर त्याने यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले, पुस्तिकेत सांगितलेली कळ दाबून धरली, आणि आमच्या डोळ्यांदेखत सारे पुसून सिस्टीम पुन्हा घातली. दोन तास लागले. सीडी लागली नाही. शेवटी कंपनीचे निळे चित्र आले. त्याच्या दुकानात पाहिले होते तेच. हेड कॉन्स्टेबलने कॉफी मागवली आणि पहिला टंबलर टायपिस्टपुढे ठेवला.

मी विचारले, "लपलेल्या फाइली परत मिळतात हे ठाऊक होतं, तर मसुदा वाचवला का नाहीस?"

"कागद छापून गेला होता. काम झालं की जुने मसुदे मी ठेवत नाही, सार. लोकांच्या घरच्या गोष्टी असतात त्या."

"मग आता तो मसुदा कुठंच नाही?"

"पुतण्याकडं आहे की. काकूला घरी मोठ्या अक्षरांत दाखवतो म्हणून पेन ड्राइव्हवर नेला. त्यांचा पेन ड्राइव्ह लावल्यापासूनच माझं यंत्र आजारी पडलं. मी पुसत होतो तेव्हा ते समोर बसले होते. सहज आलो म्हणाले. मीच कॉफी पाजली."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"सांगत होतो, सार. तुम्ही म्हणालात, विचारलं तेवढंच."

रायटरने मान खाली घातली. 'विषयांतर करतो' हे त्यानेच लिहिले होते. फोन कोणी केला असावा, हेही आता कोणाला विचारायला नको होते. यंत्र पुसताना पाहणारा माणूस एकच होता.

त्याच दुपारी रीतसर पुतण्याच्या घराची झडती घेतली. पेन ड्राइव्ह गाडीच्या किल्लीला लावलेला सापडला. पुतण्याने स्वतःच तो आपल्या लॅपटॉपला जोडायची तयारी दाखवली. "पाहा ना, रिकामा आहे." आम्ही जोडू दिला नाही. लखोट्यात घालून, पंचांच्या सह्या घेऊन तज्ज्ञांकडे पाठवला. तिथे लपलेला फोल्डर उघडला. आत तीन पानांचे मृत्युपत्र होते, नोंदणीच्या आठ दिवस आधीचे. तिसरे पान दस्ताच्या तिसऱ्या पानाशी अक्षरशः जुळत होते. पहिली दोन वेगळी.

पुतण्याला ते दाखवले तेव्हा तो एकच वाक्य बोलला : "पण मी तो डिलीट केला होता."

पोलिसासमोर बोललेले असे वाक्य न्यायालयात चालत नाही. त्याची गरजही नव्हती, फाइल होती. पुढे पहिली दोन पाने तिरुवल्लिकेणीतल्या ज्या दुकानात छापली गेली तेही सापडले. दानपत्राचा वाद दिवाणी न्यायालयात गेला आणि निकाल लागेपर्यंत त्या विधवेला घराबाहेर काढण्यास मनाई झाली. तेवढे माझ्या कारकिर्दीत झाले.

टायपिस्टला मी झडतीच्या दिवशी संध्याकाळीच जायला सांगितले होते. त्याने चपला घातल्या, सर्वांना हात जोडले आणि गेला. त्याच्या तीन दिवसांची स्टेशन डायरीतली नोंद 'चौकशीसाठी हजर' अशी आहे. नियमाने ती बरोबर आहे.

या प्रकरणाने मला संगणक शिकवला, असे सहकारी थट्टेने म्हणत. ते खरे नाही. अज्ञान हे माझे मोठे कारण नव्हते. न कळणारी गोष्ट विचारून घ्यायची सवय मला होती. दुसरा कोणी टायपिस्ट असता, तर 'आत असते' म्हणताच मी एखाद्या जाणकाराला फोन लावला असता. या माणसाला मी ती संधी दिली नाही, कारण तो माझ्या भाषेत बोलला होता. माझ्या माणसाला सांभाळून घेतले असे कोणी म्हणू नये, म्हणून मी त्याला इतरांपेक्षा कठोर वागवले आणि त्यालाच निःपक्षपात समजलो. आपल्या माणसाकडे झुकणे लोकांना दिसते, ते टोकतात. उलट बाजूला झुकलो तर कोणी टोकत नाही. उलट नाव होते. म्हणून ती चूक अधिक काळ टिकते. माझ्या नोकरीत ती आधी किती वेळा झाली असेल, हे मी मोजलेले नाही. मोजायला हवे होते.

त्यानंतर उरलेल्या वर्षांत प्रत्येक जबाबाच्या शेवटी मी एक प्रश्न विचारत असे : मी विचारले नाही असे काही सांगायचे आहे का? बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असे यायचे. तरी विचारत असे.

निवृत्तीनंतर मी माझे मृत्युपत्र करायला त्याच्याच दुकानात गेलो. यंत्र नवे होते. जुने अजून न्यायालयाच्या मुद्देमाल खोलीत होते. त्याने ओळखले, खुर्ची पुसून दिली, मी सांगितले ते टाइप केले आणि पाने माझ्यापुढे ठेवली. मी पेन काढले. एक वाक्य मी घरून ठरवून आणले होते. ते बोलायला सुरुवात केली.

"मागं त्या प्रकरणात माझ्याकडून..."

"आधी वाचा, अण्णा," तो आमच्या मराठीत म्हणाला. "तीनही पानं. माझ्यासमोर."

मी चष्मा लावला आणि वाचू लागलो. दुसऱ्या पानावर एक चूक निघाली, ती त्याने दुरुस्त केली. मग मी सही केली, आणि ते वाक्य पूर्ण केले.