डावी म्हणजे कोणती?

देवीदासच्या घरात एकच कायदा होता: उंबऱ्याच्या आत मराठी. दिवसभर मिलमध्ये हिंदी बोलून तोंड आंबतं, निदान घरी तरी मायची भाषा कानावर पडावी, एवढंच त्याचं म्हणणं. बायको अन्नपूर्णा भंडाऱ्याकडची, तिला काही जड नव्हतं. लेक नूतन मात्र मिलच्या हिंदी वस्तीत, सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. वाक्य मराठीत सुरू करायची आणि हिंदीत उरकायची. मग देवीदास डोळे वटारायचा. त्या डोळ्यांना घरात कुणी भीक घालत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

पळण्याचं वेड मात्र बापलेकीचं सारखंच. शुगर निघाली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर हा गडी पळतच सुटला आणि पोरीलाही नादाला लावलं. ऐन चैत्रात एका रविवारी सकाळी दोघं परागच्या गाडीनं दल्लीच्या लोखंडखाणींकडच्या डोंगराला गेले. पराग त्यांच्याच पळणाऱ्या टोळीतला. वर चढायचं, माथ्याला वळसा घालायचा आणि दुसऱ्या अंगानं खाली उतरायचं, असा तो फेरा. देवीदासचा पाय मुरगळलेला, म्हणून तो पायथ्याशी हातपंपाजवळ बसला. पण सल्ला द्यायला पाय कुठे लागतो?

"वर दोन वाटा फुटतेत," तो म्हणाला. "तेथं डावी धरजो. दुसरी नाल्यात जाते."

"दाईं ना? ओके, बाबा," बुटाची नाडी आवळत नूतन म्हणाली. देवीदासनं मान डोलावली आणि ती निघाली. पराग थोड्या वेळानं तिच्या मागून गेला.

ऊन चांगलंच तापलं तेव्हा पराग खाली आला. एकटाच.

"नूतन कहाँ है, अंकल? मुझे तो रास्ते में मिली ही नहीं."

देवीदास उठून उभा राहिला. डावी वाट तर एकच, मग पोरगी गेली कुठे? आणि तिचे शब्द त्याला आता नीट ऐकू आले. दाईं! आपण सांगितली डावी, तिनं ऐकली दाईं. मराठीतली डावी तिच्या हिंदीत उजवी होऊन बसली होती. वर आपणच मान डोलावली! त्या नाल्यात मोहाची झाडं दाट. मोह गळायला लागला की अस्वलं तिथंच असतात, आणि पोरीजवळ पाण्याची एवढीशी बाटली.

ती खाली आलीच तर कुणी असावं म्हणून परागला हातपंपाजवळच थांबवून तो पाण्याची बाटली घेऊन लंगडत, हाका मारत चढला. उजव्या वाटेवर एक बाई टोपलीत मोह वेचत होती.

"माझी पोरगी... लडकी देखी क्या?"

"नोनी? नरवा डहर गे हे," तिनं खाली नाल्याकडे हात केला. "भालू हे उहाँ, चिल्लात जा."

अस्वल दूर राहावं म्हणून तिनं सांगितलं तसा देवीदास ओरडत उतरला. नूतन, नूतन, नूतन. घसा फाटला. आणि करवंदीच्या जाळीपलीकडून आवाज आला, चांगलाच चिडलेला.

"बाबा! इधर! तुम्हीच बोलले ना दाईं, मी दाईंच येऊन राहिली! रास्ता ही खतम हो गया!"

पोटऱ्या ओरबाडलेल्या, ओठ कोरडे, पण धडधाकट. देवीदासला इतका आनंद झाला की आधी त्यानं तिला एक शिवी दिली, मग पाणी दिलं. ती गटागटा प्यायली. तो तिच्या खांद्याला, दंडाला, डोक्याला हात लावून पाहत राहिला. मग तो तिथंच दगडावर बसला.

"तुम्ही रडून राहिले का?"

"घाम हाय तो."

परत वर आल्यावर फोनला रेंज मिळाली आणि लगेच अन्नपूर्णेचा फोन आला. "काऊन जी, पोरीले भूक लागली असन ना? काय करून राहिली ते?"

 देवीदासनं फोन नूतनच्या हातात दिला.

"हो आई," ती म्हणाली, "बाबांजवळच आहे मी."