गुरुवारी येणाऱ्या कौसल्याबाई

लकव्याचा रुग्ण घरी सोडण्यापूर्वी कौसल्याबाई स्वतःच रिकाम्या खाटेवर आडव्या होत. अर्धे अंग सैल सोडून नातेवाइकांना फर्मावीत, "चला, मला कुशीवर करा." पन्नाशीच्या, अंगाने भरलेल्या परिचारिका त्या. कोणी लुळ्या हाताला धरून ओढले की खेकसत, "खांदा उखडतो की! बैलाचा कासरा हाय व्हय तो?"

माझी पत्नी गोदावरी हिचे उजवे अंग गेले, वाचाही गेली, तेव्हा या बाईंशी माझा परिचय झाला. मी अर्जनवीस. शिक्षण सातवीपर्यंतचे, परंतु तहसील कचेरीसमोर वीस वर्षे बसून लिहिलेला माझा मजकूर सहसा परत येत नाही. त्यामुळे कागद पुढे ओढून मी म्हणालो, "बाई, आपण सूचना क्रमवार सांगाव्यात. मी कलमे पाडून घेतो."

"अर्जीवाले, कागदानं कूस बदलत नाय," त्या म्हणाल्या. "टोपी काढा. हात लावा."

चार दिवस त्यांनी मला आणि माझ्या सुनेला राबवले. नीट बसवल्याशिवाय घास द्यायचा नाही. पहिला गिळल्याची खात्री झाल्याशिवाय दुसरा नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची. निघताना गोदावरीच्या केसांवरून हात फिरवून त्या म्हणाल्या, "वहिनी, येत्या गुरुवारी घरी येते. पाठ बघते. लाल चट्टा दिसला तर यांची गय नाय."

गोदावरी हसली. आजारानंतर प्रथमच.

गुरुवारी सुनेने तिची वेणी घातली, धुतलेली चादर अंथरली, बाईंना फराळाला सुशीला करायचा म्हणून मुरमुरे काढून ठेवले. बाई आल्या नाहीत. पुढच्या गुरुवारीही नाहीत. गोदावरी डाव्या हाताने दाराकडे बोट करी आणि मी म्हणे, "येतील." तिसरा गुरुवारही रिकामा गेला, तेव्हा मी वरिष्ठांच्या नावे तक्रार लिहिली. परक्यांच्या फसवणुकी मी रोजच लिहितो. ही माझ्या घरची होती.

अर्ज घेऊन वॉर्डात गेलो, तर बाई खाटेवर पडलेल्या आणि करमाडचा एक शेतकरी घाम पुसत त्यांना कुशीवर करीत होता. उठून त्या त्याच्या आजारी आईला म्हणाल्या, "मावशी, येत्या गुरुवारी घरी येते. पाठ बघते."

हेच शब्द मी ऐकले होते. व्हरांड्यात गाठून त्यांना विचारले, "आजवर किती घरी गेलात?"

"एकाबी नाय. कुणी तपासणार म्हटलं की माणसं कूस बदलत्यात, भाऊ. वहिनीची पाठ कशी हाय?"

"स्वच्छ आहे."

"मग?"

"ती दर गुरुवारी दाराकडे बघते."

बाईंनी प्रथमच आवाज खाली आणला. त्या म्हणाल्या, "येते."

हे 'येते' मला खरे वाटले, म्हणून अर्ज खिशातच राहिला. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतका गाफील कधी राहिलो नव्हतो. त्या आल्या नाहीत.

गोदावरी पुढे चार वर्षे जगली. पाठीवर एक चट्टा उमटला नाही, याचे श्रेय कौसल्याबाईंचे, हे मी नाकारीत नाही. तिच्या शेवटच्या आंघोळीनंतर सून डोळे पुसत बाहेर आली. म्हणाली, "मामा, सिस्टरनं बघायला पाहिजे होती आत्याबाईंची पाठ. लेकराच्या पाठीवानी हाय."

त्या दिवशी गुरुवार नव्हता. तरीही मी एकदा दाराकडे पाहिले.