बुडालेल्या हमालाचं नाव

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. निवृत्तीकाकांच्या पुस्तकातलं ते नाव प्रकाशकानं काढलं नव्हतं, मी काढलं होतं. दीड महिन्यापूर्वी त्यांच्या मुलीचा, सुनंदाताईंचा इस्पितळातून फोन आला, "बाबा गेले." मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आता तो प्रश्न कुणी विचारणार नाही... आणि मला स्वतःचीच भीती वाटली.

काका बरकतपुऱ्यात आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी इंग्रजी साहसकथा मराठीत आणायला घेतली. गोरा साहेब, अनोळखी नदी, डोक्यावर पेट्या घेतलेले बिननावाचे हमाल. त्यातला एक बुडतो आणि साहेब हळहळतो ते पेटीतल्या होकायंत्रासाठी. काकांचे वडील मलकपेठच्या बाजारात हमाल होते. काकांनी त्या बुडालेल्याला वडिलांचं नाव दिलं, सखाराम, आणि त्याच्यावर एक पान पदरचं लिहिलं. त्यांचं हस्तलिखित टाइप करता करता मी म्हणालो, "काका, हे मुळात नाही."

"नसू दे की. साहेबाला अख्खी नदी पाहिजे, नकाशावर नाव पाहिजे. माझ्या बापाला एक पान बी नक्को? हौला है क्या, मियाँ? येडा झालास का?"

नाव मलाही पाहिजे होतं. काकांचं पुस्तक काढणारे पुण्याचे प्रकाशक पुढचं भाषांतर मला देणार होते. ही भर त्यांना खपणार नाही, या धास्तीनं मी परस्पर ते पान गाळलं आणि सखारामचा 'एक हमाल' केला. छापील प्रत येताच काकांनी आधी ते पान शोधलं. मी म्हणालो, "प्रकाशकांनी काढलं." त्यांनी प्रकाशकांना पत्र लिहिलं आणि पोस्टात टाकायला माझ्याच हातात दिलं. मी ते टाकलं नाही. पुढं अकरा वर्षं जिन्यात भेटले की, "उत्तर आलं का रे?" त्यांची काठी वाजली की मी दाराआड श्वास रोखून उभा राहायचो.

परवा सुनंदाताईंनी काकांच्या टेबलावरची प्रत दाखवली. 'एक हमाल' खोडून वर पेन्सिलीनं लिहिलं होतं, सखाराम. "दादा, त्या प्रकाशकाला चांगलं खरमरीत पत्र लिहून द्या ना. मला मराठी बोलण्यापुरतंच येतं."

मी हो म्हणालो... आणि वर येऊन हे लिहिलं. त्या मराठी वाचत नाहीत, म्हणूनच हे लिहायचं धाडस झालं. खाली जाऊन त्यांना तोंडानं सांगणं, आणि सखारामचं पान पुस्तकात परत घालणं, एवढं माझ्याकडून बाकी आहे.