चम्नियनच्या हातातला गोड पेला

थोंगबायसारखा जळणारा माणूस मी सत्तर वर्षांत दुसरा पाहिला नाही, आणि हे मी कौतुकानं सांगतोय. बाकीची माणसं दिसेल त्याच्यावर जळतात, आज याच्या म्हशीवर, उद्या त्याच्या जावयावर. थोंगबायचं तसं नव्हतं. जन्मभर एकाच माणसावर जळला: चम्नियनवर. आम्ही तिघंही देवळाच्या शाळेत चौथीपर्यंत एका बाकावर होतो. मी मधे बसायचो, कारण भिक्षूगुरुजींनीच तसं बसवलं होतं.

पुढं दोघंही ताडावर चढायला लागले. पेचबुरीच्या आमच्या भागात दुसरं काय करणार! पहाटे रस उतरवायचा, मोठ्या कढईत आटवायचा, गूळ पाडायचा. चम्नियननं घरावर निळे पत्रे घातले की थोंगबायनं महिन्याभरात लाल घातलेच. चम्नियनला चष्मा लागला, तर हा तालुक्याला जाऊन डोळ्यांच्या डॉक्टरशी भांडून आला, "माझे डोळे चांगले आहेत म्हणजे काय? नीट बघा परत!" पण खरा सल वेगळाच होता. चम्नियन कढईत पांढरी साखर ओतायचा. सगळ्या गावाला माहीत होतं. तरी त्याचा गूळ आधी खपायचा, कारण रंगानं उजळ दिसायचा. थोंगबायच्या कढईत रसाशिवाय काही पडलं नाही, आणि त्याचा गूळ काळपट.

याच जळण्यानं त्याचा आजार उघडा पडला, तेही ऐका. गावातली आरोग्यसेविका घरोघर शौचाच्या तपासणीच्या डब्या वाटायची. थोंगबायनं आपली डबी खिळे ठेवायला घेतली होती. मग कळलं, चम्नियनच्या डबीत रक्त निघालं आणि मोठ्या इस्पितळातली डॉक्टरीणबाई स्वतः त्याच्याशी अर्धा तास बोलली.

"अर्धा तास?" थोंगबाय म्हणाला. "त्याच्याशी?"

दुसऱ्या दिवशी खिळे जमिनीवर आणि डबी सेविकेच्या हातात. त्याच्याही डबीत रक्त निघालं. पुढच्या तपासणीत दोघांच्याही आतड्यात गाठ. डॉक्टरीणबाई म्हणाली, "काका, आता काढली तर निभावेल. थांबलात तर मी शब्द देत नाही." थोंगबायची बायको लमाय रडायला लागली. हा विचारतोय, "त्याची केवढी आहे?"

दोघांनाही एकाच दिवसाची तारीख मिळाली. थोंगबाय पहिला, दहा वाजता, चम्नियन त्याच्यामागून. यावर तो इतका खूश, की आपल्याला चिरणार आहेत हेच विसरला. लमायला घरची कढई सांभाळायची होती, म्हणून सोबतीला मी राहिलो. खाटा शेजारी-शेजारी, आणि माझी चटई पुन्हा दोघांच्या मधे.

आदल्या संध्याकाळी नर्स आली, दाव तिचं नाव. तिनं चम्नियनच्या हातात एक पेला दिला. पिवळसर, पाण्यासारखं नितळ. चम्नियननं घोट घेतला आणि जीभ ओठावरून फिरवली.

"गोड आहे," तो छताकडे बघत म्हणाला. "पण फार नाही. बेताचं."

"आणि माझा?" थोंगबायनं हात पुढं केला.

"काका, तुम्हाला साधं पाणी. सकाळी आठपर्यंत हवं तेवढं प्या."

"का? मी काय घोडं मारलंय?"

"तुमची साखर चढलेली आहे. ज्यांची ताब्यात असते त्यांना हे देतो. अगदी उपाशी गेलं की शरीर बिथरतं, ऑपरेशननंतर साखर नीट वापरत नाही. हे पिऊन गेलं की तहान-भूक कमी लागते, धास्ती कमी होते, सावरायलाही मदत होते. चम्नियनकाकांना आता एक आणि पहाटे एक."

"दोन!" थोंगबाय माझ्याकडे वळला. "ऐकलंस? पन्नास वर्षं पांढरी साखर ओतणाऱ्याला दोन पेले गोड, आणि अस्सल गूळवाल्याला नळाचं पाणी!"

"पी थोंगबाय," चम्नियन फार मऊ आवाजात म्हणाला. 'पी' म्हणजे आमच्याकडं दादा; तो दोन महिन्यांनी धाकटा, म्हणून पी, पण त्या मानात टाचणी असायची. "पाणीही चांगलंच असतं हो. थंड असेल तर."

झालं. सकाळी सहाला लमाय आली. फोन करून यानं तिला काय सांगितलं होतं कोण जाणे, पदराखालून तिनं बांबूचं नळकांडं काढलं. आदल्या दिवशीचा ताडाचा रस, गढूळ, वर रस टिकावा म्हणून टाकतात त्या लाकडाच्या ढलप्या तरंगतायत, आणि आंबायला लागलेला. मी म्हणालो, "थोंगबाय, नको." त्यानं चम्नियनच्या डोळ्यांत डोळे घालून अख्खं नळकांडं रिकामं केलं, आणि मिशी पुसली.

दाव आत आली ती दारातच थांबली. "कसला वास येतोय?"

चम्नियन पांघरुणाची चुणी नीट करत होता. बोटाला सुई टोचली, साखर तीनशे चाळीस. डॉक्टरीणबाई आली, नळकांडं हुंगलं, आत बघितलं. "काका, हे पोटात असताना भूल दिली आणि उलटी छातीत गेली, तर माणूस टेबलावरच जातो. आज नाही. साखर उतरेल तेव्हा बघू."

आणि त्याच्या जागी, दहा वाजता, चम्नियनला आत नेलं. जाताना त्यानं स्ट्रेचरवरून हात हलवला, पुढाऱ्यासारखा.

थोंगबायनं पिशवी भरायला घेतली. "मला नाही करायची. गाठ माझी आहे, राहू दे माझ्यापाशी."

"ए म्हाताऱ्या," लमाय म्हणाली, "मरशील."

"मरेन तर अस्सल गूळ खाऊन मरेन."

मी समजावलं, लमायनं पिशवी धरून ठेवली, दावनं डोळे वटारले. तो बधेना. जायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं, एवढंच त्यानं कबूल केलं.

आणि सकाळी काय झालं? पोट चिरून चोवीस तास झाले नव्हते तोवर चम्नियन उठला. सलाईनची काठी हातात घेऊन दावबरोबर चालायला लागला. थोंगबायच्या खाटेसमोरून एकदा गेला. परत आला. तिसऱ्यांदा जाताना तर मुद्दाम सावकाश. आतड्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टर एकच गोष्ट विचारतात, गॅस सुटला का. सुटला म्हणजे आतडं कामाला लागलं. तर बरोबर आमच्या खाटेसमोर चम्नियन थांबला, डोळे मिटले, आणि असा आवाज झाला की पलीकडच्या खाटेवरचा पेशंट दचकून उठला. दावनं टाळ्या वाजवल्या. "शाब्बास, काका!" दोन-तीन पेशंटनीही वाजवल्या.

थोंगबायच्या हातून पिशवी खाली आली.

"नर्सबाई," तो म्हणाला. "मला कधी घेणार?"

त्यानंतरचे तीन दिवस मी माणूस बदललेला पाहिला. लमायनं आणलेला चिकट भात परत पाठवला. केळ्याकडे बघेना. सुई टोचायच्या आधीच बोट पुढं. चौथ्या दिवशी सकाळी साखर जागेवर आली, ऑपरेशन त्याच दिवशी ठरलं, आणि दावनं साध्या पाण्याचा पेला आणून दिला. चम्नियन त्याच दिवशी घरी निघालेला. कपडे करून समोर उभा.

"पी, कसं लागतंय?"

थोंगबायनं शेवटचा थेंब गिळला. "तुझ्या पेल्यापेक्षा गोड."

गाठ निघाली, पूर्ण निघाली. बाहेर येऊन डॉक्टरीणबाईनं सांगितलं तेव्हा लमायनं दोन्ही हात जोडले. पण थोंगबायला शुद्ध आल्यावर दुसराच घोर. एक दिवस गेला, दोन गेले, पोट गप्प. तो चालला, पुन्हा चालला, दावनं थांबवलं तरी चालला. तिसऱ्या दिवशी दुपारी, मी चटईवर जरा आडवा झालो होतो तेव्हा, झालं. बारीकसं. मी झोपलो असतो तर कळलंही नसतं.

त्यानं डोळे उघडले. चेहरा असा उजळला होता! "लाव फोन."

"कुणाला?"

"कुणाला म्हणून विचारतोस? आणि सांग, दुसऱ्याच दिवशी झालं."

मी लावला. चम्नियन घरी पेज खात होता. बातमी सांगितली. चमच्याची किणकिण चालूच. मग त्यानं विचारलं, "आवाज केवढा होता?"

थोंगबाय माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि आयुष्यभर दोघांच्या मधे बसलेला मी, काय करणार!

"खिडकीतली कबुतरं उडाली," मी म्हणालो.

पलीकडे चमचा थांबला. चम्नियन बायकोला म्हणताना ऐकू आला, "उचल ती पेज. माझं पोट भरलं."