कोरड्या तलावातला मागूर

आमच्या घरी शेत नव्हतं. उन्हाळ्यात अड्याळला मजुरीही मिळायची नाही. तलाव आटला की आई पहाटे चपला घरीच ठेवून, सब्बल (लोखंडी पहार) घेऊन जायची आणि भेगाळलेल्या गाळातून जिवंत मासे खोदून आणायची. त्यावर आमचे कितीतरी दिवस निघायचे. शाळेत मी हे कोणाला सांगितलं नाही.

पुढे मी बी.एस्सी. झाले, घरातली पहिली. एम.एस्सी.च्या प्रकल्पाला तोच विषय घेतला: आटलेल्या तलावाच्या गाळात जगणारा मासा. सर म्हणाले, "ऐकीव गोष्ट चालत नाही. सोमवारी असा मासा दाखव, नाहीतर विषय बदल." आमच्या तलावात यंदा पाणी होतं. साकोलीकडचे तलाव आटले होते, म्हणून शनिवारी एसटीनं तिकडे निघाले.

रस्त्याकडेचा साग सगळी पानं टाकून उभा होता. पान नाही, तर पाणी उडायला वाट नाही. शेजारचा मोह मात्र कोवळ्या तांबूस पानांनी भरलेला. त्याची मुळं खोल ओलीपर्यंत पोचलेली.

साकोलीहून ऑटोनं एका गावाच्या कोरड्या तलावावर पोचले. नवे बूट घालून, भर दुपारी, तलावाच्या मधोमध खोदू लागले. सगळ्यात खोल जागा तीच, हा माझा हिशेब. दोन तासांत हाताला फोड आले आणि खाली नुसता मुरूम लागला.

शेळ्या चारणारी एक म्हातारी बराच वेळ बघत होती.

"काय खोदून राहिली वं? विहीर?"

"मासोळी पाहिजे, मावशी."

"मंधातला गाळ तं मशीननं नेला सारा. मुरमात मासोळी कायले राहीन? शिकलेली दिसतेस."

"हो. एम.एस्सी."

"मंग बरोबर आहे," ती म्हणाली आणि मला घरी घेऊन गेली. रात्री भात आणि आंब्याचं रायतं (गूळ घातलेली आंब्याची भाजी) वाढलं.

पहाटे काठाजवळच्या गाळावर तिनं मला थांबवलं. "बूट काढ. पायाले इचार."

अनवाणी चालले. जमीन कोमट, कोमट, आणि एके जागी तळव्याला गार लागली. आईच्या चपलांचं कारण मला तिथं कळलं. मी समजत होते, झिजू नयेत म्हणून ती त्या ठेवते.

हातभर खाली ओल्या चिखलात मागूर निघाला. कल्ल्यांच्या वर त्याला झुडपासारखा अवयव असतो, त्यानं तो हवेतला श्वास घेतो. अंगावरचा चिकट थर त्याला सुकू देत नाही.

"मरून तं नाही ना गेला?" मी विचारलं.

"त्याले काय होते? तूच पाणी पी."

परतीच्या एसटीत कंडक्टरनं चिखलाच्या बादलीत डोकावून विचारलं, "याचं अर्धं तिकीट फाडू का?"

सोमवारी सरांसमोर मागूर वळवळला. विषय कायम राहिला, मी एम.एस्सी. झाले. माझ्या प्रबंधात पद्धतीच्या पानावर लिहिलं आहे: पहाटे अनवाणी चालून गार जागा शोधली. त्यापुढे आईचं नाव आहे.