दारातला अणू

आमच्या कोथरूडच्या सोसायटीतले एक फिजिक्सचे निवृत्त प्राध्यापक लिफ्टचं दार पायाने अडवून अणू शिकवतात. माझ्याच पिशवीतला मटार काढून म्हणतात, "हे अणुकेंद्र धरा. मग इलेक्ट्रॉन पार पौड रोडला! मधे काय? काही नाही!"

मधे मी असतो, पिशव्या घेऊन ताटकळत.

मागे बायकोला थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन दिलं. डॉक्टरांनी तिला काही दिवस अंतर राखायला सांगितलं, तर शेजाऱ्यांनी आमचा मजलाच टाळला. प्राध्यापक मात्र खुर्ची घेऊन आले आणि टेपने अंतर मोजून दारात बसले.

"वहिनी, अंतर दुप्पट केलं की किरणं चौथाई. इथून निवांत बोलू. तर, अणुकेंद्र म्हणजे..."

आतून ती हसली, कितीतरी दिवसांनी.

या माणसाला चहा विचारायची चूक मी कधीच केली नव्हती. त्या दिवशी केली.