लाइट गेली

द्वारका चौकाजवळ आमचं दोन मजली घर. खाली आम्ही, वर काका. मीटर मात्र एकच. काकांचा मुलगा माझ्याहून मोठा, मी त्याला दादा म्हणते. आम्ही दोघं मिळून गाड्यांच्या शर्यतीच्या एका गेमचा सर्व्हर चालवतो. नियम करायचे, भांडणं सोडवायची, लबाडी करणाऱ्याला बाहेर काढायचं, हे आमचं काम.

शर्यत अर्धवट सोडली की हार, हा साधा नियम. पण सुरगाण्याकडचा एक जीपचालक खेळायचा, त्याची लाइट सारखी जायची आणि लोक त्याला पळपुटा म्हणायचे. तेव्हा दादानेच ग्रुपवर ठणकावून लिहिलं होतं, "लाइट गेली म्हणाला की विश्वास ठेवायचा आणि शर्यत परत घ्यायची. खोटं निघालं तर महिनाभर बंदी. मग तो कोणी का असेना." मला काय अभिमान वाटला होता त्याचा!

एका रविवारी सकाळी फायनल होती, दादा आणि तो जीपचालक. शेवटच्या फेरीत दादा मागे पडला आणि त्याची गाडी अचानक गायब झाली. लगेच मोबाइलवरून त्याचा मेसेज आला, "लाइट गेली."

माझ्या डोक्यावर पंखा फिरत होता. वर काकूंचा मिक्सर घरघरत होता.

जीपचालकाने लिहिलं, "चालंल ताई. लाइटचं काय, आमची तर लय जाते. दादांना सांगा, परत खेळू." ते वाचून मला रडूच आलं. त्याने शंकासुद्धा घेतली नाही.

मी तणतणत वर गेले. "काकांनी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात जन्मभर वीज बनवली आणि तू घरात बसून ती घालवतोस होय रे?"

"हळू बोल," दादा म्हणाला. "अ‍ॅडमिनच हरला तर आपलं ऐकणार कोण?"

"आणि खोटं बोलला तर ऐकतील?"

"घरातली गोष्ट आहे गं. घरात राहू दे."

"तू स्वतः लिही. संध्याकाळपर्यंत थांबते."

त्याने लिहिलं नाही. मी थांबले, चहा केला, तो तसाच गार झाला. गप्प बसले आणि खोटं नंतर उघडं पडलं, तर पुढे त्या सुरगाण्याच्या माणसाचंही कोणी खरं मानणार नव्हतं, एवढंच डोक्यात होतं. शेवटी मी लिहिलं, "लाइट गेली नव्हती. आमचं मीटर एकच आहे. दादा हरला." आणि माझ्याच हाताने त्याच्यावर महिन्याची बंदी घातली.

ग्रुपवर लोकांनी शाबासकी दिली. आग लागो त्या शाबासकीला! दादा जिन्यात भेटला तरी मान वळवून जायचा. काकूंना काही कळेना, त्या मलाच विचारायच्या, "काय गं, बिनसलं का तुमचं?" जीपचालक तेवढा मधूनमधून लिहायचा, "दादा कधी येणार?"

बंदी संपली. दादा आला, पण मुकाट्याने खेळायचा, नियमांत तोंड घालायचा नाही. एका संध्याकाळी त्याची त्याच जीपचालकाशी शर्यत लागली. दादा चांगला पुढे होता. आणि फटकन सगळी गल्ली काळोखात बुडाली.

वरच्या गॅलरीतून हाक आली. कितीतरी दिवसांनी.

"तुमची पण गेली का गं?"

मीटर एकच असताना हा काय प्रश्न! तरी मी म्हणाले, "गेली रे दादा."

तो कठड्यावरून खाली वाकला. मग म्हणाला, "तूच टाक ना ग्रुपवर. माझं कोण खरं मानणार?"

मी लिहिलं, "लाइट गेली. खरंच गेली. दादाने टाकायला सांगितलं."

जीपचालकाचं उत्तर लगेच आलं, "ताई, दादांनी टाकलं असतं तरी चाललं असतं."

मी फोन घेऊन चाचपडत जिना चढले आणि तो मेसेज दादापुढे धरला.